फाल्गुन-चैत्रात कोकण किनारा: तारीख नको, तिथी बघून निघा

कोकणात पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही भरतीच्या पाण्याच्या उसळीसाठी प्रसिद्ध असलेली हेदवीची बामणघळ बघायला भर ओहोटीला पोचलो होतो. खडकातली एक कोरडी चीर, तिच्या तळाशी थोडं पाणी, आणि 'हेच का ते?' असं विचारणारी मुलं. त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्याने चालायला गेलो, तर पाणी थेट सुरूच्या बनापर्यंत आलेलं. चालायला वाळूच नव्हती. दोन्ही ठिकाणं बरोबर होती, आमच्या वेळा चुकल्या होत्या. त्यानंतर गेली काही वर्षं शिमग्याच्या आगेमागे आम्ही कोकणात जातो आणि घरातून निघण्याआधी हॉटेल नंतर, पंचांग आधी उघडतो. नव्याने जाणाऱ्यांसाठी ही सगळी उस्तवार एकदा लिहून ठेवतोय.

हा लेख रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांपुरता आहे, साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा. मे महिना मी मुद्दाम वगळतो. तेव्हा उकाडा, गर्दी आणि रस्त्यावरच्या गाड्या मिळून माणसाला भाजून काढतात.

१. आधी तिथी ठरवा

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा यासाठी एक सोपा हिशोब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती.

द्वितीया असेल तर २ × ३ ÷ ४ = दीड. म्हणजे दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला भरती. त्याच्या सव्वासहा तास मागेपुढे ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासात आणि संध्याकाळी पावणेआठ. अष्टमी असेल तर भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराच्या पुढे. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू करायची. हिशोब ठोकळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. जायच्या आदल्या दिवशी जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोबाईलवर बघून घ्याच. पण सुट्टी ठरवताना हा हिशोब पुरतो.

यातून सहलीचे सरळ दोन प्रकार पडतात.

पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे तीन दिवस म्हणजे *उधाणाचे* दिवस. भरती मोठी, तशीच ओहोटीही खोल. आणि ही ओहोटी नेमकी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी येते. ऊन नाही, पाणी लांब गेलेलं, ओली घट्ट वाळू मैलभर मोकळी. किनाऱ्यावर चालायचं असेल, खडकांतली डबकी बघायची असतील तर हेच दिवस. २०-२१ मार्चच्या आसपास दिवस-रात्र सारखे होतात, त्या सुमाराची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात. एरवी पाण्याखाली असणारा खडक त्या दिवसांत उघडा पडतो.

अष्टमीच्या आसपासचे दिवस *भांगाचे*. पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरतही नाही. सकाळी-संध्याकाळी भरती असल्यामुळे किनारा अरुंद. मग त्या दिवसांत किनाऱ्याचा हट्ट सोडून सडा (किनाऱ्यावरचं जांभ्याचं पठार), कातळशिल्पं, खाडी आणि बागा धराव्यात. सकाळच्या भरतीला खाडी काठोकाठ भरलेली असते आणि होडी कांदळवनाच्या अगदी आत जाते. ओहोटीला तीच होडी चिखलाला टेकते.

मालवणकडे ओहोटीला 'सुकती' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. कोणत्याही मच्छीमाराला 'आज सुकती कधी?' असं विचारलंत तर उत्तरही मिळतं आणि पुढची गप्पाही सुरू होते.

२. एकच पट्टा निवडा

चार दिवसांत दापोली ते वेंगुर्ला उरकणारे लोक मी पाहिलेत. त्यांना आठवतात ती वळणं. खाली तीन पट्टे देतोय, एका खेपेला एकच घ्या.

*वेळास–केळशी–आंजर्ले–हर्णै:* रेल्वेने आलात तर खेड स्टेशन. कासवं, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव.

*गुहागर–वेळणेश्वर–हेदवी–जयगड–गणपतीपुळे–आरेवारे:* चिपळूणला उतरा. ज्यांना स्वतःची गाडी चालवत समुद्राच्या कडेने जायचंय त्यांच्यासाठी हा पट्टा. बामणघळ बघायची तर भरतीला, आणि उधाणाची भरती असेल तर उत्तम. पौर्णिमेला ती अकरा-साडेअकराच्या सुमाराला येते. घळीच्या तोंडाशी जाऊन वाकून बघू नका, पाणी आवाज करून येत नाही, एकदम उसळतं.

*मालवण–भोगवे–निवती–वेंगुर्ला–शिरोडा–रेडी:* कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. माझा आवडता पट्टा, त्यामुळे इथे मी निष्पक्ष नाही. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात तर मिठाचे पांढरे ढीग दिसतात.

३. तिकीट, मुक्काम आणि शिमग्याचा हिशोब

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते). शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, त्या आठवड्याची तिकिटं लगेच संपतात. साठावा दिवस मोजून बसा.

नवख्या माणसाची इथे हमखास होणारी चूक: स्टेशनच्या नावावरून गाव जवळ आहे असं धरून चालणं. कोकण रेल्वे बरीचशी डोंगराच्या बाजूने जाते. राजापूर रोड स्टेशन आणि राजापूर शहर यांत चांगलं अंतर आहे. किनारा तर आणखी पुढे. रात्री अकराला उतरणार असाल तर घरमालकांना सांगून रिक्षा ठरवून ठेवा. त्या वेळी स्टेशनबाहेर फारसं कोणी नसतं.

एसटी अजूनही कामाची आहे. गावात रात्री मुक्कामाला येऊन पहाटे निघणारी 'वस्तीची गाडी' कोणती आणि किती वाजता, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा. महिलांना राज्यात एसटीचं अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. ओळखपत्र जवळ हवं.

मुक्कामासाठी गावातलं घरगुती निवासच घ्या. पण जेवण आधी सांगावं लागतं, हे पक्कं डोक्यात ठेवा. शहरी सवयीने दीड वाजता जाऊन 'काय आहे?' विचारलंत तर उपाशी राहाल. रात्री काय हवं ते सकाळी सांगा, सकाळी काय हवं ते रात्री. मार्चमध्ये असाल तर ओल्या काजूची उसळ मागा. हा काजू थोडेच आठवडे मिळतो आणि सोलताना त्याचा चीक हात पोळतो, म्हणून भाव जास्त असला तरी घासाघीस करू नका. कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी मिळाली तर नाही म्हणू नका.

शिमगा पाहायचा असेल तर आणखी एक गोष्ट. सगळ्या गावांचा शिमगा एकाच दिवशी नसतो. काही गावांत 'तेरसे शिमगे' असतात, ते आधी येतात, काही गावांत 'भद्रेचे', ते पौर्णिमेला. पुढे ग्रामदेवतेची पालखी किती दिवस घरोघर फिरणार हेही गावागणिक वेगळं. म्हणून 'होळी कधी आहे' एवढं बघून निघू नका, ज्या गावी जाताय तिथल्या माणसाला फोन करा. पालखी नाचवतात तेव्हा चपला काढून बाजूला उभं राहावं, फोटोआधी विचारावं. आणि पालखी ज्या दिवशी तुमच्या यजमानांच्या घरी येणार असेल त्या दिवशी ते तुमच्या नाश्त्याची काळजी करणार नाहीत, हे गृहीत धरा. केळी जवळ ठेवा.

४. सोबत काय हवं

कागदपत्रं: प्रत्येकाचं ओळखपत्र, गाडी असेल तर परवाना, विमा, पीयूसी. घरगुती निवासातही ओळखपत्राची प्रत मागतात.

सामान:
- मागे पट्टा असलेल्या, भिजल्या तरी चालतील अशा सँडल. स्लिपर नको. खडकावर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.
- बॅटरी आणि तिच्यावर बांधायला लाल जिलेटीन कागद (का ते पुढे येईल).
- टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या, मीठ-साखर-पाण्याची पाकिटं.
- रोख पैसे, सुट्यांसह. रेंज गेली की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत, आणि रेंज जातेच.
- मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा.
- असली तर दुर्बीण. कुरव पक्ष्यांचे थवे मार्चमध्येही किनाऱ्यावर असतात, आणि समुद्री गरुड दिसला तर दुर्बिणीशिवाय हळहळ होते.

५. फेरीबोट म्हणजे वेळापत्रक

खाड्या हा कोकण किनाऱ्याचा स्वभाव आहे. समोरचं गाव हाताच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने जायला दीड-दोन तास लागतात. यावर उतारा म्हणजे जंगलजेट्टी, गाड्या वाहून नेणारी फेरीबोट. सावित्रीच्या खाडीवर वेश्वी–बागमांडला, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे, शास्त्रीवर तवसाळ–जयगड. दाभोळची फेरी चुकली तर गुहागरला जायला चिपळूणचा वळसा पडतो. म्हणून दिवसाची आखणी शेवटच्या बोटीकडून उलटी करा: बोट किती वाजता, म्हणजे आपण किती वाजता निघायचं. शनिवार-रविवारी रांग लागते, अर्धा तास जास्तीचा धरा.

बोटीवर गाडीत बसून राहू नका. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी कधी कधी डॉल्फिन दिसतात. मला पाच खेपांत दोनदा दिसले. 'नक्की दाखवतो' म्हणून पैसे घेणाऱ्या होडीवाल्यावर मात्र फार विसंबू नका.

६. किनाऱ्यावर चालणं: ओहोटी संपायच्या आत परता

पूर्ण ओहोटीच्या तासभर *आधी* किनाऱ्यावर पोचा आणि ओहोटीची वेळ झाली की परतीचा विचार सुरू करा. लोक उलटं करतात. ओहोटी झाल्यावर निघतात, खडकांत रमतात, मागून पाणी भरतं.

आम्हीही हे केलंय. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका ओढ्याचं मुख घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलं, पलीकडच्या खडकांवर दीड तास काढला. परत आलो तर तेच पाणी कमरेवर, आणि त्याला ओढ. पलीकडून एक आजोबा जाळं खांद्यावर टाकून ओरडत होते, "पाणी भरता हा, थंयच ऱ्हवा!" मग त्यांनीच येऊन आम्हाला वरच्या वाटेने बागेतून फिरवून आणलं. त्यांनी रागावलं नाही, नुसतं बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

डबक्यांत काय बघायचं? खडकाच्या खळग्यात साचलेल्या पाण्याशी दोन मिनिटं सावली न पाडता बसा. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात शंखाचा मूळ मालक नसून खेकडा असतो. फुलासारखी पसरलेली समुद्रफुलं बोटाच्या हालचालीने मिटतात. दगड उचललात तर जसा होता तसा परत ठेवा, त्याखाली कोणाचं तरी घर असतं. हात लावण्याचा मोह टाळा, काही जीव दंश करतात. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवू नका. घसरून पडणाऱ्यांत नव्वद टक्के लोक फोटो काढणारे असतात (हा आकडा माझा आहे, सरकारी नाही).

पोहण्याबद्दल थोडक्यात: गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी समुद्र दिसतो तितका साधा नाही, सूचनाफलक शोभेचे नाहीत. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी अजिबात उतरू नका, तेव्हा सगळं पाणी समुद्राकडे खेचत असतं. आणि वाळूवर गाडी नेऊ नका. दर मोसमात भरतीत रुतलेली एखादी गाडी ट्रॅक्टरने ओढताना दिसतेच.

होडीची कामं सकाळी उरका. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, त्याला मतलई म्हणतात. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि मार्चपासून तो चांगलाच जोर धरतो. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणारी होडी सकाळी नऊला सुखाने जाते, दुपारी चारला तीच पोट ढवळते. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या त्या किल्ल्यात, चहूबाजूंनी खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तटबंदीबरोबर त्याही बघा.

७. कासवं: मिळतील तेव्हा मिळतील

ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालून जातात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत पिल्लांचा मोसम. वेळासला हे संवर्धनाचं काम २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने सुरू केलं. आता आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर घरटी राखली जातात.

पद्धत अशी: अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत हलवलेली असतात, खड्ड्यावर टोपली उपडी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून बघतात. पिल्लं आली असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि ती स्वतः चालत जातात. आली नसतील तर नाही. म्हणून किमान दोन रात्री राहा, म्हणजे तीन-चार संधी मिळतात. जायच्या आठवड्यात गावात फोन करून घरटी फुटायला आलीत का ते विचारा.

दोरीच्या मागे उभं राहायचं. पिल्लू हातात घ्यायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. कासव वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी उजेडाने पिल्लं दिशा चुकतात. रात्री किनाऱ्यावर जावं लागलंच तर तो लाल कागद इथे कामाला येतो.

८. सडा आणि कातळशिल्पं: कोवळ्या उन्हात

किनाऱ्यावरून वर चढलं की जांभ्याचा सपाट सडा लागतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर माणसांची, प्राण्यांची आणि कोड्यात टाकणाऱ्या आकृत्यांची कातळशिल्पं आहेत: उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पावसाळ्यात ती गवताखाली असतात. फाल्गुनात गवत सुकलेलं असतं, कातळ उघडा असतो.

पण वेळ फार महत्त्वाची. खोदकाम उथळ आहे. दुपारी बाराला डोक्यावर सूर्य असताना रेघा सपाट होऊन जातात आणि कातळ तव्यासारखा तापतो. सकाळी आठच्या आधी किंवा पाचनंतर तिरप्या उन्हात प्रत्येक चरात सावली भरते आणि कोरलेला हत्ती उठून दिसतो. भांगाच्या दिवसांत, किनाऱ्यावर वाळू नसते त्या वेळी, हाच कार्यक्रम ठेवा. आकृतीवर चालू नका, पाणी ओतून किंवा खडूने रेघा ठळक करू नका.

उतरताना झाडं बघत उतरा. पळस, पांगारा, काटेसावर कोणालाही ओळखता येतात. पण मार्चमध्ये लाल दिसणारं प्रत्येक झाड फुललेलं नसतं, कुसुंबाची कोवळी पालवीच लालभडक असते. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे असाल तर सुरंगी शोधा. फांद्यांना, अगदी जाड लाकडालाही, चिकटून कळ्या येतात, उमलायच्या आत पहाटे झाडावर चढून त्या काढतात. सुरंगीचा वळेसर (गजरा) वाळल्यावरही वास देतो. आमच्या गाडीच्या कप्प्यात मागच्या वर्षीचा एक अजून आहे.

९. परतताना आंबा, पण जरा जपून

मार्चमध्ये 'देवगड हापूस' असा फलक लावलेल्या प्रत्येक पेटीत देवगडचा हापूस नसतो. मोसमाच्या सुरुवातीला बाहेरचा आंबा हापूस म्हणून खपवला जातो. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तरी फलक कोणीही रंगवतो. हमरस्त्यावरच्या टपरीऐवजी ज्यांच्याकडे उतरलात त्यांनाच विचारा, त्यांच्या ओळखीत बागायतदार असतोच. आंबा एकसारखा पिवळाधमक, पण वास नाही आणि दाबल्यावर कडक, असं असेल तर सोडा. अढीत पिकलेला आंबा खोलीत शिरल्याशिरल्या कळतो.

पिकलेला आंबा घेऊन लांबचा प्रवास करू नका, तयार व्हायला चार-पाच दिवस असलेला कच्चा घ्या. गवतासकट पेटी मागा, ते गवत फेकू नका. घरी आल्यावर त्याच गवतात एक थर आंबे, एक थर गवत असं अंधाऱ्या कोपऱ्यात रचा, आणि रोज रात्री हात घालून बघा.